टबातलं वाक्य

मंगळवार, १७ फेब्रुवारी

जर्मनच्या क्लासमध्ये आज बाई तिकडच्या कार्निव्हलच्या विनोदावर बोलल्या. तिकडे वक्ता टबात उभा राहून बोलतो. पूर्वी विदूषकाला राजाची चूक तोंडावर सांगायची मुभा असे, त्यातून हे आलं. थोडक्यात, आपला शिमगा.

बाईंनी खरंच कपडे धुवायचा निळा टब आणला होता. मला म्हणाल्या, "चढ, काढ कोणाची तरी चूक." समोर आमच्या ऑफिसचे सर, तेही याच क्लासला येतात. मी म्हणाले, "माझ्या ड्रॉइंगवर सर स्वतःचं नाव घालतात." सगळे हसले. सरही. म्हणाले, "अगं, टबात सगळं माफ!"

माफी मागितली कोणी होती?

मी टबातून उतरले आणि फरशीवर उभी राहून तेच वाक्य पुन्हा म्हणाले. कोणी हसलं नाही. उद्या दहाला सरांनी बोलावलंय. मूळ फाइल्स सोबत नेणार आहे.