नीलिमा त्रिभुवन यांचे घर कोणास आणि खुर्ची कोणास

मी, नीलिमा दिनकर त्रिभुवन, वय ७६, मूळची नगरची, हल्ली राहणार झोटवाडा, जयपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघ्यांविषयी त्यांनी मौन पाळले आहे.

१. माझे पती सुभेदार दिनकर यांची बदली इथे झाली, निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. मूलबाळ नाही. ते गेल्यावर मला आमच्या चर्चची छोटी मराठी मंडळी तेवढी उरली. बावीस वर्षे रविवारच्या उपासनेनंतरचा चहा-नाश्ता मी केला. कोणी आभार मानले नाहीत, आणि मला ते बरे वाटे. घरच्या बाईचे कोण आभार मानते?

२. तीन वर्षांपूर्वी पडले, खुबा मोडला. बरी होऊन गेले तर नाश्ता केटररकडे दिलेला. सचिव श्री. राजरत्न ओहोळ यांनी दरम्यान 'प्रेम समिती' काढली होती. म्हणाले, "आंटीजी, आता तुम्ही फक्त बसायचं. मतलब, सेवा आम्ही करणार." पहिल्या रांगेत माझ्या नावाची गादीची खुर्ची आली. वाढदिवसाला कार्ड आले, 'तुम्ही आम्हाला हव्या आहात.' आत नाव निर्मला. सात महिने मी त्या खुर्चीवर बसले. नवरा सीमेवर असतानाही इतके एकटे वाटले नव्हते. माझ्या नावाची म्हणजे माझीच, असे समजून सदर खुर्ची गादीसह श्री. राजरत्न यांस देते.

३. आता माझा गुन्हा. द्वारका रणदिवे ही विधवा बाई आमेरला एका गेस्टहाऊसमध्ये चादरी धुते. पूर्वी ती मला नाश्त्याच्या मदतीला यायची. चार कांदे चिरायला तिला अर्धा तास लागे. मी म्हणाले, "राहू दे, तू बाहेर बस." ती बाहेर बसली, मग यायचीच थांबली. बाईला देवाची गोडी नाही, असे मी चारचौघांत सांगितले. स्वतः बसवली गेले तेव्हा समजले. बसने आमेर गाठले.

"तुझ्यावाचून अडलंय," मी म्हणाले.

"कुठे अडलंय? अकरा वर्षं तर नीट चाललंय."

"माझं अडलंय. मला उभं राहवत नाही, आणि त्या केटररचा उपमा गिळवत नाही."

तिने चादर पिळून दोरीवर टाकली. "कांदा मी हळूच चिरणार."

"चीर. मला कुठे जायचंय."

४. पुढच्या रविवारी ती ओट्यापाशी, मी स्टुलावर. "समितीला विचारायला हवं होतं," राजरत्न म्हणाले. तोवर पाळकसाहेब बशी घेऊन रांगेत उभे होते, त्यामुळे ठराव बारगळला. प्रार्थना संपताच पळणारा आयटीतला शुभंकर आता पातेली घासतो. वाईट घासतो, पण न चुकता येतो.

५. राजरत्न दरमहा भेटीस येतात. "घराचं काही ठरवलंत का? मंडळीचं तुमच्यावर फार प्रेम आहे." प्रेम आहे, हे मला मान्य आहे. ते दोन खोल्या आणि गच्ची एवढे आहे. हे घर मी द्वारका रणदिवे यांस पूर्ण मालकीने देते. बँकेतील शिल्लक भाची कीर्ती साळवे हिला, व या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझी पातेली, झारे व किटली मंडळीस. अट एकच, नव्या माणसाच्या हाती आधी झारा द्यावा, स्वागताचे कार्ड सवडीने.

६. माझ्या अंत्यविधीत समितीने भाषण करू नये. शवपेटीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला राजरत्न यांना उभे करावे. समितीत आल्यापासून त्यांनी काही उचललेले मी पाहिलेले नाही. पेटी जड असेल आणि त्यांच्यावाचून ती हलणार नाही, असे त्यांना सांगावे. आपण कुणाला लागतो, हे त्या माणसालाही एकदा कळू दे.

वरील मजकूर वाचून, कोणाच्या दडपणाशिवाय, साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: नीलिमा दि. त्रिभुवन

साक्षीदार:
१. मीराबाई शेखावत, शेजारीण (सही)
२. डॉ. हिंदुराव जगदाळे (सही)

झोटवाडा, जयपूर
दि. १७ फेब्रुवारी २०२५