बांधावरचा फवारा

कागल,
१४ एप्रिल २००२

शशिआण्णास,

शरणु शरणार्थी. वहिनी, मुलं बरी असतील. आपली आव्वा माझ्याकडं राहायला आल्यापासून तिचा खोकला उतरलाय. इथं ऊन फार आहे. झाली ख्यालीखुशाली.

तुझ्या गड्याकडून, पिराजीकडून, निरोप पाठवलास, "वाऱ्यानं उडालं, त्यात माजा काय दोष?" माझ्या टोमॅटोचे शेंडे पिळवटले, फुलं गळली. तुझा ऊस मात्र मजेत आहे. तणनाशक उसाला चालतं, टोमॅटोला चालत नाही, हे पिराजीलाही कळतं.

वाऱ्याचं मला सांगू नकोस. लग्नाआधी उद्यमनगरात तुझ्या फवारणी पंपांच्या कारखान्यात पंख्यासमोर पाणी सोडायला मीच उभी असायची. तूच दाखवायचास, जोराच्या हवेत सापडलेला थेंब आधी भाकरीसारखा चपटा होतो, मग मधून फुगून त्याची पिशवी होते, ती फुटली की नुसता धूर. गिऱ्हाइकाला बजावायचास, "पावणं, पंख्याच्या पंपानं तणनाशक मारायचं न्हाय. बारीक थेंब शेजाऱ्याच्या रानात जातोय. हातपंप घ्या, थेंब जाड पडाय पायजे." किती अभिमान वाटायचा मला तुझा!

आणि गेल्या आठवड्यात तूच पंख्याचा पंप पाठीवर घेऊन बांधावर आलास. घरात हातपंप असताना. गडी असताना.

आप्पांच्या माघारी माझ्या वाट्याचा एक एकर मी मागून घेतला, हक्कसोडपत्रावर सही केली नाही, हाच ना माझा गुन्हा? पहिलंच पीक बुडालं की ही गप सही करील, असं तुला वाटलं.

आव्वाला मी वाऱ्याचंच सांगितलंय. यांनाही तेच. कारण पुढचं तोंडातून निघत नाही. मी सरीत वाकून झाडं काठीला बांधत होते. तोंडावर धुकं आलं, वास आला. उठून ओरडले, "आण्णा, मशीन बंद कर की! मी हाय हितं!" तू वळलास. नजरानजर झाली. आणि तू रेस वाढवलीस.

दोन दिवस डोळे उघडत नव्हते. आगीपेक्षा राग जास्त होता, आणि रडूही येत होतं, ते तुझ्यासाठी नव्हे असं मी ठरवलंय.

टोमॅटो उपटून टाकले. उद्या मका टोकणार आहे. उसासारखंच त्याला तुझं औषध बाधत नाही. सही मिळणार नाही. नागपंचमीला मला माहेरी न्यायला येऊ नकोस, कुणाला पाठवूही नकोस. या घरात तुझ्या भेटीला आता फक्त आव्वा आहे.

तुझ्या बांधाला बांध असलेली,
विद्याश्री