आतला डावा खिसा

ती. दाजी यांना साष्टांग नमस्कार (कागदावरच गोड मानून घ्या, कंबर आता एवढी वाकत नाही).

तुमचे गुडघे आणि ताईचा खोकला ताळ्यावर असतील असे धरून चालतो. तुमच्या निवृत्तीच्या समारंभाचा कोट काल शेजाऱ्यांबरोबर पाठवला, तो मिळाला असेलच. एकच विनंती, आतला डावा खिसा उसवू नका. नव्या कोटाचे खिसे आम्ही कच्च्या टाक्याने बंद करूनच देतो, त्याने कोट अंगावर नीट बसतो. बाकीचे खिसे खुशाल उसवा, तो मात्र शनिवारी आलो की मी स्वतःच्या हाताने उसवीन.

आता माझे रडगाणे. माझे वरचे समोरचे दोन दात गेले, हे ताईने तुम्हाला (आणि समस्त नातेवाइकांना) सांगितलेच असेल. कसे गेले ते भेटीत सांगेन, माझा काही दोष नव्हता एवढेच समजा. दिसण्याचे दुःख नाही हो, या वयात मला कोण पाहायला येणार आहे? पण समारंभात तुमच्याबद्दल दोन शब्द मी बोलायचे ठरले आहे, आणि ‘स’ म्हटला की तोंडातून शिट्टी वाजते. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाला ‘सोमवारी या’ म्हटले, तर गिऱ्हाईक गेले आणि रस्त्यावरचा कुत्रा आत आला. तेव्हाच ठरवले, दात बसवायचे म्हणजे बसवायचे.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन मार्ग सांगितले. पहिला, काढता-घालता येणारी पट्टी, तिला दोन दात चिकटवलेले. म्हणजे आमचा कच्चा टाकाच. दुसरा ब्रिज. त्यात शेजारचे दोन्ही दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधारावर मधले उभे करायचे. मी म्हटले, बाई, भोक बुजवायला धडधाकट कापड कातरणारा शिंपी मी नव्हे. (पुष्कळांना तोच सोयीचा पडतो म्हणे. पडो.) तिसरा इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचा, हाडाने तो घट्ट धरेपर्यंत काही महिने कळ काढायची आणि मग त्यावर पक्का दात. हे मला पटले. घरात ही म्हणाली, “आयुष्य सुईवर काढलंत आणि इंजेक्शनला भिता, स्क्रू कसला बसवताय?” मी ताठ मानेने जाऊन बसलो. (डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीचा हात आता जरा हलतो, पण तो आधीपासूनच हलत असावा.)

तर स्क्रू बसले आणि मधल्या काळापुरती पट्टीही मिळाली. शिट्टी गेली. रोज आरशासमोर भाषण म्हणू लागलो. अडचण एकच, आम्हा शिंप्यांना टाचण्या ओठांत धरायची सवय. एका वकिलांच्या खांद्याचे माप बघताना टाचण्या आणि पट्टी दोन्ही त्यांच्या कॉलरवर पडल्या. ते शांतपणे म्हणाले, “हे शिलाईत धरलंय की वेगळं?” तेव्हापासून काम करताना मी पट्टी काढून ठेवतो.

एवढा आटापिटा का, तेही सांगतो. मी दुकान उघडले तेव्हा कोणी साधी पिशवीसुद्धा शिवायला टाकेना. तुम्ही कोट टाकलात. त्याची एक बाही आखूड झाली. तुम्ही तो कोट वर्षानुवर्षे ऑफिसात घातलात, आणि कोणी विचारले की सांगायचात, “माझा हातच लांब आहे.” दाजी, तुमचा तो हात माझ्या पाठीवर नसता तर मी केव्हाच गाशा गुंडाळला असता. हे मला चारचौघांत, स्वच्छ उच्चारांत सांगायचे आहे आणि मी ते सांगणारच.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. मघाशी कोट बसण्याचे जे लिहिले ते खरे, पण पूर्ण खरे नव्हे. पट्टी त्याच खिशात आहे. काम करताना चिंधीत गुंडाळून जवळच्या खिशात ठेवली आणि हाताच्या सवयीने खिसा शिवून टाकला. (वरून इस्त्रीही फिरवली. आकार कसा राहिलाय, देव जाणे.) मी आधी आलो तरी सारे नातेवाईक दारात असणार. म्हणून खिसा तुम्हीच गुपचूप उसवा आणि कोट घेऊन मागच्या दाराशी उभे राहा. पट्टी बसली नाही, तर शिट्टीसकट बोलेन, पण बोलेन.

आणखी एक. टाका कात्रीनेच उसवा, दाताने तोडू नका. माझे दोन तसेच गेले, आणि तेही तुमच्याच कोटाचे बटण लावताना.