संयोगितापासून माझं मरण लपवू नये

मी, भामाबाई यल्लाप्पा भंडारे, वय अडुसष्ट, निवृत्त विशेष शिक्षिका, जन्मगाव सातारा जिल्ह्यात, सध्या राहणार विश्रामबाग, सांगली, हा कागद माझ्या राजीखुशीनं आणि माझ्याच अक्षरात लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत. मृत्युपत्राला डोकं पुरतं, असं वकील म्हणाले. डॉक्टरांनी महिन्यापूर्वी माझ्या हृदयाचे रिपोर्ट बघून "बाई, जपा" एवढंच सांगितलं, आणि ते माझ्याकडे न बघता सांगितलं. मी समजले. आजवर कुठं मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं आणि हेच शेवटचं.

१. मला नवरा नाही, मूल नाही. राहता फ्लॅट माझ्या कमाईचा आहे, तो माझा पुतण्या राजरत्न, राहणार पुणे, याला द्यावा. त्यानं मला फोन करण्याचे वार ठरलेले नाहीत, त्यामुळं चुकण्याचाही प्रश्न येत नाही. तरी पोरगा वाईट नाही. दिवाळीला आला की, "आत्या, कागदपत्रं कुठायत?" असं विचारतो. ती कपाटात वरच्या खणात आहेत, बाबा. मात्र फ्लॅट घेताना कलम ५ त्याला पाळावं लागेल. पाळायचं नसेल तर त्यानं नको म्हणावं आणि फ्लॅट प्रियंकाला जावा.

२. प्रियंका ही माझ्या जागी आलेली विशेष शिक्षिका. माझी स्कूटी, पुस्तकं आणि चित्रकार्डांच्या अकरा पेट्या तिला द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनंच करावी. ज्या मुलांना स्वमग्नता आहे त्यांना आपलं बोलणं वाऱ्यासारखं निघून जातं, पण चित्र थांबतं. पुढं काय होणार हे आधी दाखवलं की त्यांचा जीव थाऱ्यावर राहतो: आधी डबा, मग घंटा, मग घर. शाळेत कार्डांची एक पट्टी लावायची, तशीच घरी लावायची, आणि प्रत्येक कार्डाच्या वरच्या चौकटीत तारीख घालायची. पोरी, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. एवढंच ध्यानात ठेव की खोटं कार्ड करायचं नाही. कुणी कितीही गळ घातली तरी नाही.

३. चौथीच्या वर्गाचा फोटो तेव्हाचे मुख्याध्यापक नानासो यांना परत पाठवावा. फोटोच्या दिवशी त्यांनी संयोगिताला स्टाफरूममध्ये बसवून ठेवलं होतं. "सारखी हलती ती, फोटो बिघडंल," म्हणाले. वर मलाच, "बाई, तुमी लय लाड करताय तिचं." मी तिच्याबरोबर आत बसले, म्हणून त्या फोटोत मीही नाही. त्यांनी तो भिंतीला लावावा आणि बघत बसावं. माफ केलेलं नाही, तसं कळवावं.

४. आता संयोगिता. या कागदाचं खरं कारण तीच आहे. ती सहा वर्षांची असताना माझ्याकडे आली, आज सव्वीसची आहे. बोलते फार थोडं. तिचे आजोबा लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, रोज लुनावरून तिला शाळेत सोडायचे आणि गेटवर कडक सॅल्यूट ठोकायचे. तो सॅल्यूट झाल्याशिवाय ती आत पाऊल टाकायची नाही. ती तेरा वर्षांची असताना ते मिरजेला दवाखान्यात वारले. तिचे वडील उदयसिंह माझ्या दारात आले. "बाई, तिला कळू देऊ नका. पाव्हणंरावळं जमल्यात, आरडाओरडा करंल. आजोबा दवाखान्यात हायत म्हणून एक कार्ड करून द्या. तुमचं कार्ड ती मानती."

आपल्याकडं असंच करतात. लेकरांना आणि अशा माणसांना मयतीपासून लांब ठेवतात, त्यांना काय कळतंय म्हणतात. मला ठाऊक होतं की तिला कळतं. तरी मी कार्ड केलं. आजोबा, खाट, मिरज. चांगलं काढलं होतं, दुर्दैवानं.

ते कार्ड घेऊन ती शाळा सुटली की एकटी मिरजेच्या बसमध्ये चढू लागली. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वॉचमनचा फोन आला: "बाई, तुमचा नंबर हाय कार्डामागं. ही पोरगी रोज येऊन उभी ऱ्हातीया. कार्ड दावती, आन् जागची हलत न्हाई." मी गेले. त्या फाटकासमोरच तिला खरं सांगितलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत पेटीतलं एकेक कार्ड काढून तिनं बाकावर उलटं घातलं. त्यानंतर तेरा वर्षं तिनं माझ्या हातून कार्ड घेतलेलं नाही. प्रियंकाकडून घेते, आईकडून घेते. माझ्यापुढं हात आखडते. माझ्या नोकरीत मला दोन मानपत्रं मिळाली. ती रद्दीत घालावीत.

तरी ती येते. तिची आई दर गुरुवारी चार वाजता तिला रिक्षानं सोडते आणि सहाला नेते. ती माझा आठवड्याचा लसूण सोलते. आम्ही बोलत नाही. लोकांना मी सांगते की तिला सवय आहे, मोडू नये. खरं असं की बुधवारपासून मीच दाराकडं बघत असते. या घरात माझ्याशिवाय दुसरं कुणी श्वास घेतं ते आठवड्यातले तेवढे दोन तास. हे कुणाला सांगायची लाज वाटायची, मेल्यावर कसली लाज?

५. म्हणून राजरत्नला आणि सर्वांना बजावते. मी मेल्यावर प्रियंकानं त्याच दिवशी संयोगिताला बोलावून आणावं. "बाई गावाला गेल्या", "झोपल्या", "देवाघरी गेल्या" असलं काही सांगू नये. "बाई मेल्या" असंच सांगावं. तिला माझ्याजवळ बसू द्यावं, हात लावू द्यावा. ती हसेल, टाळ्या वाजवेल, माझा वास घेईल. कुणी हटकू नये. बुद्धवंदना हळू आवाजात घ्यावी, माइक लावू नये, तिला सोसत नाही. राजरत्न, लोक काय म्हणतील याची चिंता नको, येऊन येऊन येणार किती जण?

६. तिचा पुढचा गुरुवार मोकळा पडेल. त्यात काय घालायचं ते तिनं आणि तिच्या आईनं ठरवावं. तो हक्क माझा नाही.

७. हे सगळं दुसऱ्यांवर ढकलून मोकळं होणं मला पटेना. म्हणून काल गुरुवारी मीच तिला सांगितलं. नवं कार्ड केलं: मी पलंगावर, डोळे मिटलेले. म्हटलं, "संयोगिता, बाई मरणार. मग बाई दवाखान्यात नाही, मिरजेत नाही, कुठंच नाही." तिनं लसणाची बोटं ड्रेसला पुसली आणि कार्ड घेतलं. माझ्या हातून घेतलं.

"कवा?" म्हणाली.

मी म्हटलं, "माहीत नाही गं."

तिनं कार्ड माझ्या मांडीवर परत ठेवलं आणि वरच्या मोकळ्या चौकटीवर बोट टेकवलं. तारीख नव्हती. अपुरं कार्ड ती घेत नाही, मीच तसं शिकवलंय. ते कार्ड या कागदाला टाचून ठेवलं आहे. प्रियंकानं त्यावर खरी तारीख घालावी, ठळक अक्षरात, आणि मग ते संयोगिताच्या हातात द्यावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचून पाहिला, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

ठिकाण: विश्रामबाग, सांगली
शुक्रवार, दि. २१ नोव्हेंबर २०२५

(सही) भामाबाई यल्लाप्पा भंडारे

साक्षीदार:
१. (सही) आप्पासो, स्कूटीचे मेकॅनिक, गॅरेज कोपऱ्यावर
२. (डाव्या हाताचा अंगठा) हरणाबाई, शेजारीण. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात, म्हणून खलबत्ता तिला आजच देऊन टाकला.