अंगणातलं सफरचंदाचं झाड

हॅझलकोट, ८ जानेवारी १९३६

प्रिय आई,

बाबांचा खोकला कसा आहे? मी मजेत आहे.

तू म्हणतेस, ते कसलं गाव, जिथले पुरुष लंडनला कामाला जातात आणि नुसते झोपायला घरी येतात! खरंय, दिवसभर घर खायला उठतं. पण परवाची गंमत ऐक.

इथे पूर्वी सफरचंदाच्या बागा होत्या. रेल्वे आली, घरं झाली आणि अंगणाअंगणात एकेक झाड उरलं. जानेवारीत जुने गावकरी झाडांना गाणी म्हणतात, मुळाशी सफरचंदाची दारू ओततात, म्हणजे फळ भरपूर धरतं. आम्हा रोज आगगाडीनं लंडन गाठणाऱ्या ‘गाडीवाल्यां’कडे मात्र ते कधी फिरकत नसत. तुझा जावई सिरिल तर मोटार ठेवायला जागा हवी म्हणून आमचं झाड तोडायलाच निघाला होता. मीच आडवी आले.

परवा त्या बागांमधला जुना माळी, म्हातारा टपर, सगळ्यांना घेऊन थेट आमच्या दारात!

“बाई, झाड तुम्ही वाचवलंत म्हणे?”

“हो. पण तुमची बाग गेली, त्याचं वाईट वाटतं.”

“गेली कुठे? झाडं आहेत तिथेच आहेत. मधे तुम्ही उगवलात, एवढंच!” असं म्हणत त्यानं झाडाला पाजून उरलेली दारू माझ्या बुटांवर ओतली.

त्याला कुठे ठाऊक, मला दिवस गेलेत! आई, बाळंतपणाला मी तिकडे येणार नाही. तूच माझ्या गावाला ये.

तुझीच,
विनी