स्क्रीन सोपी करून मिळेल

३ जानेवारी
नवं वर्ष, नवी रोजनिशी. पहिले दोन दिवस लिहिलं नाही कारण पेनाची शाई फिकट येत होती. आज जाड स्केचपेन आणलं. आता व्यवस्थित दिसतं. म्हणजे व्यवस्थित उमटतं. दिसण्याचा प्रश्न कधी नव्हताच.

संकल्प: रोज लिहायचं. रोज चालायचं. महेश्वरीशी डोळ्यांच्या विषयावर बोलायचं नाही. आज तिने चहा देता देता पुन्हा डॉक्टरचं नाव काढलं. मी तिला शांतपणे समजावलं की तीस वर्षं मी या दुकानात टायपिंग करतोय, शुक्रवार पेठेतली अर्धी लग्नं माझ्या पत्रिकांवर लागलीत, माझे डोळे मला ठाऊक आहेत. हल्ली कंपन्याच स्क्रीनवर बारीक अक्षरं काढतात. त्यावर ती म्हणाली की मग चहा कुठं ओतायलाय ते बघा. बशी थोडी बाजूला सरकली होती.

४ जानेवारी
बँकेतल्या धम्मप्रिया तळभंडारे मॅडम दुकानात आल्या. कुंभारीला घर बांधलंय, गृहप्रवेशाची पत्रिका हवी. मॅडमना लहानपणापासून अगदी कमी दिसतं. फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो, तोही अशा वेगात की जणू बाजार समितीत लिलाव चाललाय. मी प्रेमाने सांगितलं की फोन बिघडलाय, दुरुस्तीला टाका. त्या म्हणाल्या, "काका, वेग मीच ठेवलाय. हळू बोलला की झोप येती मला."

त्यांची अट एकच. पत्रिका फोनला वाचता आली पाहिजे. पाहुण्यांत त्यांच्यासारखे कमी दिसणारे बरेच आहेत, त्यांना पत्रिकेचं नुसतं चित्र पाठवून उपयोग नाही, आत खरी अक्षरं हवीत. मी म्हटलं, माझी अक्षरं खरीच असतात.

त्या गेल्यावर फार वाईट वाटलं. बिचारी माणसं. यांच्यासाठी कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे.

संध्याकाळी: ते कुणीतरी म्हणजे मीच.

५ जानेवारी
दुकानाबाहेर बोर्ड लावला. 'नजर कमी असणाऱ्यांसाठी स्क्रीन सोपी करून मिळेल. वाचणे, टाइप करणे. हत्तुरे ग्राफिक्स.' अक्षरं फूटभर उंच, मला रस्त्यापलीकडून वाचता आली. महेश्वरी डबा घेऊन आली, बोर्ड वाचला आणि पायरीवर बसून हसली. बराच वेळ हसली. समाजसेवेत आधी घरचेच आडवे येतात.

दुसऱ्याला शिकवायचं तर आधी आपल्याला यायला हवं. म्हणून निव्वळ संशोधनासाठी माझ्या कॉम्प्युटरवर सगळी सेटिंग चालू केली. भिंग चालू केलं. बाण समोशाएवढा केला. शेवटी रंग उलटे केले, म्हणजे पांढऱ्या कागदावर काळं दिसायचं तिथे काळ्या कागदावर पांढरं. काय सांगू! चकाकी गेली, डोळ्यांत पाणी यायचं थांबलं, अक्षरं ठळक उठून दिसायला लागली. मला एकदम बरं वाटलं. अर्थात त्या लोकांच्या वतीने.

सेटिंग तशीच ठेवतो. कुणी आलं तर दाखवायला बरी.

८ जानेवारी
बोर्ड बघून आज एक गृहस्थ आले. त्यांना मोबाइलच्या स्क्रीनवर काच बसवून हवी होती.

भिंगाची एक गंमत लक्षात आली. एका वेळी चार अक्षरं दिसतात, पण अशी दिसतात की डोळ्यांचं पारणं फिटतं. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात तेवढी विसरायला होते. एका बारशाच्या पत्रिकेत 'आपले आगमन' तीनदा पडलं. मी गिऱ्हाइकाला म्हटलं की यातून आग्रह दिसतो. त्यांनाही पटलं.

मॅडमना पत्रिका पाठवली होती. त्यांचा फोन आला. माझी पत्रिका त्यांच्या मोबाइलने 'कंस, टक्के, डॉलर, कंस' अशी वाचली म्हणे. त्यांचं म्हणणं, आम्हा टायपिंगवाल्यांचे जुने फॉन्ट वरून मराठी दिसतात, आत मात्र इंग्रजी चिन्हं असतात, आणि फोन आतलं वाचतो. मी म्हटलं, तीस वर्षांत एकाची तक्रार नाही. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं तुमी दिसणाऱ्यांसाठीच छापताय की."

नवीन पद्धतीने परत टाइप करायला घेतलं. त्यात सगळी अक्षरं दुसऱ्याच बटणांवर आहेत, आणि माझ्या कीबोर्डवरची छापलेली अक्षरं पुसून गेलीत. हलका माल. दुपारपर्यंत 'सस्नेह' झालं.

१० जानेवारी
फोनचं बोलणंही संशोधनासाठी चालू केलं. आता बंद होईना. एकदा बोट लावलं की बटणाचं नाव सांगतो, दोनदा लावलं की उघडतो, आणि मी रागाने लावलं की भलतंच काहीतरी उघडतो.

नेमके तेव्हाच आमच्या भागातले पुढारी उदयसिंहदादा आले, मागे त्यांची पोरं. परवा दादांचा वाढदिवस, गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीच्या तोंडावर, म्हणून कुंभारीच्या नाक्यावर वीस फुटी फ्लेक्स. दादांचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे चाळीस. एवढं काम या वर्षात पहिल्यांदाच आलं. मी अत्यंत रुबाबात माप लिहून घेत होतो, तेवढ्यात खिशातून बाईचा आवाज आला: "महेश्वरी. डोळ्याच्या डॉक्टरचा नंबर लावलाय. मागच्यासारखं संडासात जाऊन बसू नका."

दादांनी विचारलं, डोळ्याला काय झालं? मी सांगितलं, बायकोचा मेसेज, चुकून मला आलाय. आवाज बंद करायला बोट फिरवलं तर फोनने कालची भाजीची यादीही वाचली. शेपूसकट.

दादा दिलदार माणूस. म्हणाले, "काका, फोटू तेवढा झकास आला पायजे." मी म्हटलं, आजवर कधी बिघडलाय का?

११ जानेवारी
आजकालच्या पोरांना फोटो काढता येत नाहीत. पेनड्राइव्हमधले एकूण एक फोटो बिघडलेले. दादांचा चेहरा निळा, दात काळे, मिशी पांढरी. शुभेच्छुकांचीही तीच गत, जणू चाळीस जण थंडीने काकडून गेलेत. दुसरा कुणी असता तर फोटो परत मागवले असते. मी एका क्लिकमध्ये सगळ्यांचे रंग उलटवून दिले. लगेच चेहरे गव्हाळ, दात मोत्यासारखे. अनुभव म्हणतात तो हा.

फाइल एमआयडीसीत ईश्वरप्पाच्या छपाईच्या मशीनवर पाठवली. त्याचा फोन आला, "अण्णा, फाइल बरुबर हाय न्हवं? मला येगळंच दिसायलंय." मी त्याला सुनावलं की तू मशीन बघ, डोळ्यांचं काम माझ्यावर सोड. तो म्हणाला, तुमी म्हणतासा तर छापतो.

महेश्वरीलाही सांगितलं की उद्या कुंभारी नाक्यावर जाऊन नवऱ्याचं काम बघून ये.

१२ जानेवारी, सकाळ
फोन सारखा वाजतोय. कौतुकाचे असणार. चहा घेऊन मग उचलतो.

१२ जानेवारी, दुपार
कौतुकाचे नव्हते.

फ्लेक्सवर दादा निळे. दात काळे, मिशी पांढरी, डोळ्यांत बुबुळाच्या जागी पांढरा ठिपका. खाली चाळीस निळे शुभेच्छुक. नाक्यावर लोक थांबून विचारत होते की एक्सरेचं नवीन सेंटर निघालं का. एक लहान मूल रडलं म्हणे. दादा फोनवर ओरडले नाहीत, ते वाईट. एवढंच म्हणाले, "काका, माझा वाढदिवस हाय का तेरावा?"

दोष कुणाचा याचा मी शांतपणे विचार केला. ईश्वरप्पाची शाई. एमआयडीसीतलं व्होल्टेज. थंडी.

१२ जानेवारी, संध्याकाळ
मॅडमचा फोन. नवं घर बघायला कुंभारीला गेल्या होत्या, नाक्यावर लोकांचं हसणं ऐकून चौकशी केली. सरळ विचारलं, "काका, कॉम्प्युटरचे रंग उलटे करून ठेवलेत का?" मग सांगितलं की त्या सेटिंगने फक्त स्क्रीन उलटी दिसते, आतला फोटो होता तसाच असतो. म्हणजे चांगले फोटो मला बिघडलेले दिसले आणि मी ते दुरुस्त करून खरोखरच बिघडवले. मी म्हटलं, हो, हे मला ठाऊक होतं.

त्यांनी विचारलं की सेटिंग कुणासाठी चालू ठेवली. मी म्हटलं, समाजासाठी. त्या म्हणाल्या, "कधीपासनं दिसंना झालंय, काका?"

मी फोन कापला. म्हणजे कापायला गेलो, पण बोलक्या फोनला दोनदा बोट लावावं लागतं आणि माझं एकदाच लागलं. त्यामुळे फोन चालूच राहिला. मग माझ्या तोंडून 'दिवाळीपासून' असं निघून गेलं. शाईबद्दल बोलत होतो.

१३ जानेवारी
दुकान बंद. यात्रेची सुट्टी म्हणून सांगितलं. ईश्वरप्पाने रात्रीत नवा फ्लेक्स छापून दिला, या वेळी मला न विचारता.

वडिलांना शेवटी शेवटी काहीच दिसत नव्हतं. हातमागाचा धोटा हातात घेऊन नुसते बसायचे. मी पेपर वाचून दाखवायचो आणि ते मधेच विचारायचे, ऊन पडलं का रे. हे आज उगाच आठवलं. मी घाबरत नाही. डॉक्टर फार तर म्हणेल, सिद्राम, टायपिंग बंद. मग मी सकाळी उठून कुठे जायचं, एवढंच मला कळत नाही.

दुपारी: युक्ती सुचली! डॉक्टरांच्या भिंतीवरचा तो अक्षरांचा तक्ता, वर मोठं एक अक्षर आणि खाली बारीक बारीक होत जाणाऱ्या ओळी, माझ्याच दुकानात छापलाय. मूळ फाइल माझ्याकडे आहे. महेश्वरीला सांगितलं, लाव नंबर. तिला इतका आनंद झाला की शेंगाचटणीत नुसतं तूप ओतलं.

१९ जानेवारी
तक्ता तोंडपाठ. याला कुणी लबाडी म्हणेल, मी उजळणी म्हणतो. शाळेतही असंच पास झालो होतो. न्हाणीघरात म्हणत होतो तर महेश्वरीने बाहेरून विचारलं, कुठला मंत्र म्हणायलाय?

२० जानेवारी
तपासणी. डॉक्टर खोलीत आले, मला खुर्चीत बसवलं, म्हणाले, समोर बघा. पुढचं काही बोलायच्या आत मी सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, न अडखळता. शेवटची बारीक ओळ तर अशी म्हटली की डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. त्या भरात तिच्या खालचं 'मुद्रक: हत्तुरे ग्राफिक्स, सोलापूर' हेही म्हणून टाकलं.

महेश्वरीने कपाळाला हात लावल्याचा आवाज आला, बांगड्यांचा.

डॉक्टर म्हणाले, हत्तुरे, तो तक्ता मागच्या वर्षी काढला. आता भिंतीवर स्क्रीन असते. आणि ती मी अजून चालू केलेली नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेला. मी विचारलं, टायपिंग? ते म्हणाले, ऑपरेशन झालं की खुशाल करा, हवी ती अक्षरं वाचाल, दिवाळीतच यायचं होतंत. मग मी वडिलांचं सांगितलं. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, त्यांचंही बहुतेक हेच असावं, त्यांना कधी दाखवलं होतं का?

नाही दाखवलं. ते म्हणायचे, माझे डोळे मला ठाऊक आहेत.

२७ जानेवारी
मॅडम आल्या. माझ्या कॉम्प्युटरचे रंग सरळ केले, चकाकी कमी केली, फोनचं तोंड बंद केलं, आणि बोलून टाइप कसं करायचं ते मला शिकवलं. शिकवताना दोनदा ओरडल्या. पत्रिका मी बोलून लिहिली. बुद्धवंदना, जेवण, पत्ता, सगळं त्यांच्या फोनने लिलावाच्या वेगात बरोबर वाचलं. एकही डॉलर नाही.

बाहेर पडताना त्यांनी बोर्डवर काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या की, काका. पयलं गिऱ्हाईक झालंच."

४ फेब्रुवारी
डोळ्यांना ताण नको म्हणून आजची रोजनिशी बोलून लिहितो आहे पूर्णविराम कसा द्यायचा ते मॅडमनी सांगितलं होतं
उद्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे मी अत्यंत शांत आहे भीतीचा प्रश्नच येत नाही जगात रोज हजारो लोक करून घेतात
अहो दूध घ्या गार व्हायलंय
ठेव तिथं मी लिहितोय
कुटं लिहिताय नुसतं बोलताय की
तर असा मी अत्यंत शांत आहे आणि
महेश्वरी
काय
मला लई भ्या वाटतंय गं
म्हायती हाय मला
कधीपासनं
तुमी बोर्ड लावलासा तवापासनं
हात दे जरा
धरलाय की
अगं थांब हे सगळं लिहिलं जातंय हे खोडायचं कसं
राहू द्या की