बटण मागून दाबायचं

पूर्णा,
बुधवार, २ फेब्रुवारी १९९४

आदरणीय दाजींना मेव्हणा सितारामचा सविनय जय भीम. आक्काला जय भीम, लेकरांना आशीर्वाद. इकडं सगळे मजेत आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं पाहता मजेत कुणीच नाही. आक्काचे गुडघे कसे आहेत? तुमचं पित्त? (मनापासून विचारतोय. नंतर म्हणाल, कामापुरता गोड बोलतो.)

तुमचा कॅमेरा सुखरूप आहे. हे आधी सांगतो, कारण पत्र उघडल्याबरोबर तुम्ही तेवढंच शोधणार. त्याला ओरखडा नाही, भिंगाला कुणाचं बोट लागलेलं नाही, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीवर ठेवलाय. बाकी मात्र सगळी बोंब आहे. आबांचे पस्तीस फोटो काढले आणि एकातही आबा ओळखू येत नाहीत.

आता तुम्हाला माहीत असलेलंच सांगतो, पण राग आला की मला पहिल्यापासून सांगायची सवय आहे (शाळेत पोरं याच कारणानं माझ्या तासाला झोपतात). अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा ठराव झाला आणि अडकला, तेव्हा आबांनी पूर्णा जंक्शनावर चार रेल्वे-खलाशांसमोर जाहीर केलं की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागेपर्यंत आपण फोटो काढून घेणार नाही. लोकांनी तुरुंग भोगला, लोकांची घरं जळाली, माणसं गेली. रेल्वेत पॉइंट्समन असलेल्या आमच्या आबांनी फोटो सोडला. मला तेव्हा हसू आलं होतं. पण सोळा वर्षं पाळलं की त्यांनी. आईसुद्धा म्हणाली, ह्यांच्याबिगर मी एकटी कशाला हुबी राहू. ती जाऊन चार वर्षं झाली आणि तिचा एकही फोटो घरात नाही. एकोणऐंशीला माझ्या लग्नात तुम्ही आई-आबांचा चोरून एक काढलात, फ्लॅश चमकला, आणि आबांनी भर मांडवात तुम्हाला अख्खा रोल उपसून उन्हात धरायला लावला. तेव्हापासून ते जावयाशी बोलत नाहीत, जावई सासऱ्याचा उंबरा चढत नाहीत, आणि माझ्या लग्नाचा एकही फोटो नाही. (पहिल्या दोन गोष्टी मी कशाबशा निभावतो. तिसरी सुला मला दर मे महिन्यात ऐकवते. बायको आहे, ऐकावं लागतं.)

चौदा जानेवारीला नाव लागलं. सोळा तारखेला तुम्ही औरंगाबादेहून हा आपोआप फोकसचा कॅमेरा घेऊन आलात, स्टँडवर माझ्या हातात दिलात आणि घरी न येता त्याच यष्टीनं माघारी फिरलात. गोम इथंच आहे. गाडी हलली आणि तुम्ही खिडकीतून ओरडलात, "सिताराम, बटण मागून दाबायचं, मागून." मी मान हलवली. दाजी, मी मराठीचा मास्तर आहे. 'तुम्ही व्हा पुढं, मी मागून येतो' यात मागून म्हणजे काय? नंतर. तेव्हा घाई करायची नाही, माणूस नीट बसू द्यायचा, जरा थांबायचं आणि मग बटण दाबायचं, असा अर्थ मी लावला. व्याकरणाच्या दृष्टीनं माझी चूक मला अजूनही दिसत नाही.

तेवीस तारखेला रविवारी सकाळी आबा दाढी करून, पांढरा फेटा बांधून अंगणात बसले. शेजारी आईची खुर्ची रिकामी मांडायला लावली. त्यांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन येत्या सोमवारी, सात तारखेला, नांदेडला आहे. (आक्काला मी बारीक गाठ म्हणून कळवलंय. लिंबाएवढी आहे.) वय चौऱ्याहत्तर, डॉक्टर कशाचीच खात्री देत नाहीत. हे आबांना माहीत आहे. मला त्याची भीती वाटते, दाजी, तुमच्या यंत्राची नव्हे. प्रत्येक फोटोला मी 'तयार' म्हणायचो आणि मनात दहा आकडे मोजून, म्हणजे मागून, बटण दाबायचो. तीन आकड्यांपर्यंत आबा हसायचे, पाचाला हसू उतरायचं, सातला डोळे भरायचे, नऊला खोकला यायचा आणि दहाला मी दाबायचो. कॅमेऱ्यातून सगळं धूसर दिसत होतं. पण चष्मा काढून बघत होतो, म्हणून दोष स्वतःच्या डोळ्यांना दिला.

पस्तीस झाल्यावर आबा उठले. "सित्या, फोटो काढायलायस का माझा दम बघायलायस?" म्हणत त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. जन्मभर सिग्नलचा कंदील धरलेला हात, त्यांनी तो तसाच पंजात धरला, अंगठा मागं रेटून. आतून बारीक टिर्र आवाज आला आणि भिंग आपसूक फिरलं. पस्तीस फोटोंत मी तो आवाज एकदाही ऐकला नव्हता. मी 'आबा, भिंग, भिंग' करत धावलो, आणि खट्. छत्तिसावा फोटो संपला.

शनिवारी परभणीला जाऊन फोटो घेतले. पस्तीस फोटोंत आबांच्या जागी नुसतं धुकं, आणि मागं शेजारच्या किशनरावांच्या भिंतीवर उभी त्यांची शेळी मात्र इतकी लख्ख की दाढीचे केस मोजावेत. मी लॅबवाल्या पंडितशी कडाकडा भांडलो. त्या गरीब माणसानं छत्तिसावा फोटो पुढं केला. त्यात मी आहे. तोंड उघडं, एक दाढ किडलेली, सगळं स्वच्छ. "मास्तर, ह्यो ज्यानं काढला त्येलाच इचारा की," म्हणाला. मग त्यानंच समजावलं: अशा कॅमेऱ्यात एरवी पुढचं बटण अर्धं दाबलं की फोकस होतो, पण तुमच्यासारखे हौशी लोक ते काम मुद्दाम पाठीमागच्या बटणाला लावून ठेवतात. अंगठा लावला नाही तर फोकस आधी जिथं होता तिथंच बसून राहतो. तुम्ही शेवटचा कुठं लावला होतात कोण जाणे, तो शेळीला फळला. मी पंडितची माफी मागितली. दाजी, 'पाठीमागचं बटण' म्हणायला तुम्हाला काय धाड भरली होती?

आबांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले. "नाव बी पुरतं बदललं न्हाई, जुन्याच्या म्होरं जोडलंय. फोटो बी तसाच निम्मा आलाय. बरुबर हाय," म्हणाले, आणि पुन्हा बसायला साफ नकार. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. कॅमेरा पार्सलनं पाठवू का, एवढं कळवावं. पत्र पोस्टात नाही टाकत, गार्ड सटवाजी उद्या तिकडं येतायत, त्यांच्या हाती देतोय.

तुमचा,
सिताराम

ता.क. कॅमेरा पार्सलनं पाठवणार नाही. रविवारी सकाळी स्वतः येऊन न्या. आक्काला आणा. हातात तेवढा एकच दिवस आहे.

ता.क. २. पत्र आबांना वाचून दाखवलं. शेळीपाशी हसले, गाठीपाशी 'म्होरं वाच' म्हणाले. म्हणाले, "जावयाला लिव्ह, मी बसतो. पर बटण त्यानंच दाबायचं. आन् घरात येऊन दाबायचं."

ता.क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते आबांनी पुन्हा फोडायला लावलं. विचारतायत, एकोणऐंशीला मांडवात तुम्ही जो रोल उपसलात तो खरंच तोच होता का? तुम्ही आधी खिशात काहीतरी घातलं, असा त्यांना तेव्हापासून संशय आहे. दुसराच कोरा रोल उपसला असेल तर रागावणार नाही म्हणतात. तेवढा फोटो घेऊन या. आईचं नाव घेऊन म्हणाले, त्यात चतुरा आपल्या उजव्या हाताला हुबी आहे.